घाट ओलांडणारी तार

लोणावळ्याहून भुशीकडे जाणारा रस्ता आषाढ-श्रावणात ढगांतूनच जातो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचा हा प्रदेश. कोकणातून वर चढणारे ढग सह्याद्रीच्या माथ्याशी अडतात आणि वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे रिता करतात. कातळ पाझरू लागतात, भाताची खाचरे तुडुंब भरतात, झाडांच्या खोडांवर शेवाळ चढते. भुशीचे धरण भरून त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते. हे धरण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने एकोणिसाव्या शतकात बांधले, ते आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. आगगाडीला हा पाऊस असा उपकारक ठरला. परंतु आगगाडीच्याही आधी जी एक नवलाची वस्तू हा घाट चढून वर आली, तिचा मात्र हाच पाऊस वैरी होता. ती वस्तू म्हणजे तारायंत्राची तार.

२७ एप्रिल १८५४ रोजी मुंबईहून पुण्याला पहिली तार गेली. त्या वेळी मुंबईची आगगाडी नुकतीच ठाण्यापर्यंत पोचली होती. घाट चढून पुण्यापर्यंत सलग रूळ होण्यास १८६३ साल उजाडावे लागले. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला होता आणि बैलगाड्या, घोडी, पालख्या व टपाल याच वाटेने मजल दरमजल करीत वर येत. अशा काळी मुंबईत उच्चारलेली गोष्ट पुण्यात त्याच घटकेला कळावी, हे सामान्य माणसाला चेटकासारखेच वाटले असेल. हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते गृहस्थ अभियंते नव्हते. ते डॉक्टर होते. त्यांचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

ओशॉनेसी यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयर्लंडमधील लिमेरिक येथे झाला. एडिंबरो विद्यापीठातून १८२९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पुढे दोनच वर्षांनी इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पटकीची साथ आली. रोग्यांचे डोळे खोल जात, कातडी सुरकुते, अंग निळसर पडे आणि काही तासांत मृत्यू येई. त्या काळचे वैद्य अशाही स्थितीत रोग्याचे रक्त काढून टाकीत! तरुण ओशॉनेसी यांनी रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि त्यांना आढळले की, त्यातील पाणी आणि क्षार फार मोठ्या प्रमाणात कमी झालेले आहेत. जे शरीरातून गळून गेले, ते परत भरून द्यावे, असे त्यांनी सुचविले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील डॉ. टॉमस लाटा यांनी ही सूचना प्रत्यक्षात आणून रोग्यांच्या शिरांत मिठाचे पाणी सोडले व काहींचे प्राण वाचविले. आज रुग्णालयात शिरेवाटे जे सलाइन दिले जाते, त्याच्या इतिहासाचे पहिले पान हे असे आहे. खुद्द ओशॉनेसी मात्र तोवर दुसऱ्याच वाटेला लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून १८३३ साली ते कलकत्त्यास आले.

कलकत्त्यात १८३५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि ओशॉनेसी तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. या देशातील वनस्पतींचे औषधी गुण त्यांनी तपासले आणि त्यांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. हुगळीच्या पात्रात बुडून राहिलेल्या एका जहाजाचे अवशेष नौकानयनास अडथळा करीत. ते त्यांनी विजेच्या साह्याने सुरुंग पेटवून उडवून दिले. हाती आलेल्या प्रत्येक विषयात हात घालण्याचा त्यांचा हा स्वभाव थोडा अस्थिरपणाचा वाटेल. परंतु त्यामुळेच वीज त्यांच्या हाती आली.

१८३९ मध्ये, म्हणजे अमेरिकेत मॉर्स यांची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी, ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर कित्येक मैल लांबीची तार पसरून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. संदेश ओळखण्याची त्यांची रीत मोठी गमतीची होती. दोन्ही टोकांस सारख्या चालणाऱ्या घड्याळांकडे पाहायचे आणि तारेतून बोटांना बसणारा लहानसा धक्का कोणत्या क्षणी आला, यावरून अक्षर ठरवायचे! नदीच्या पाण्यातून वीज कशी वाहते, हेही त्यांनी याच वेळी पाहिले. या प्रयोगांचा वृत्तान्त त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कंपनी सरकारने मात्र त्याकडे लक्ष दिले नाही. पुढची दहा वर्षे तो विषय तसाच पडून राहिला आणि ओशॉनेसी टांकसाळीत धातूंची पारख करण्याच्या कामावर गेले.

१८४८ मध्ये लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आले. एवढ्या मोठ्या देशावर हुकमत चालवायची तर बातमी घोड्यापेक्षा वेगाने धावली पाहिजे, हे त्या महत्त्वाकांक्षी माणसाने ओळखले. प्रयोगादाखल कलकत्त्यापासून समुद्राच्या दिशेला डायमंड हार्बरपर्यंत सुमारे तीस मैलांची तार टाकण्याचे ठरले आणि टांकसाळीतील या डॉक्टरांना बोलावणे आले. १८५१ मध्ये ही तार सुरू झाली. तिच्या उभारणीत ओशॉनेसी यांचे उजवे हात होते शिवचंद्र नंदी. टांकसाळीतच काम करणाऱ्या या बंगाली तरुणाने तारायंत्राचे सारे तंत्र कामावरच शिकून घेतले आणि डायमंड हार्बरहून पहिला संकेतही त्यानेच पाठविला. पुढे पद्मा नदीखालून तार नेण्याची वेळ आली तेव्हा मोठे जहाज न मागता कोळ्यांच्या होड्या घेऊन नंदींनी ते काम पार पाडले. भारतातील तारायंत्राचा इतिहास सांगताना ओशॉनेसींच्या शेजारी हे नाव यावयास हवे; ते पुष्कळदा येत नाही.

आता या तारेपुढील खरी अडचण पाहू. मावळातल्या शेतकऱ्याला ती चटकन समजेल. ओढ्याचे पाणी दूरच्या खाचरात नेण्यासाठी मातीचा पाट काढला, तर पाट जितका लांब तितके शेवटच्या खाचरात पोचणारे पाणी कमी. पाट अरुंद असला तर पाणी अडखळते आणि काठांना भोके असली तर वाटेतच झिरपून जाते. तारेतील विद्युत्प्रवाहाचेही तसेच आहे. लांब आणि बारीक तार प्रवाहाला फार विरोध करते, त्यामुळे तो क्षीण होतो. शिवाय प्रत्येक खांब हे पाटाच्या काठाचे एकेक भोकच होय. कोरडा खांब वीज जमिनीत जाऊ देत नाही. परंतु पावसाने निथळणाऱ्या खांबावरून थोडी थोडी वीज जमिनीत उतरते. एका खांबाची गळती नगण्य असते. पण शेकडो मैलांत हजारो खांब येतात आणि साऱ्यांची मिळून गळती इतकी होते की, पलीकडच्या टोकाला जवळजवळ काहीच पोचत नाही. त्यातच आकाशात वीज चमकली की तारेत नको असलेले प्रवाह उसळतात. संकेत क्षीण आणि भोवतीचा गोंगाट मोठा, अशी स्थिती झाली म्हणजे खरा शब्द कोणता आणि खोटा कोणता, हेच कळेनासे होते.

इंग्लंडमध्ये त्या वेळी बारीक तारा वापरीत. ओशॉनेसी यांनी तो पाठ जसाच्या तसा गिरविला नाही. त्यांनी तीन-अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळईच तार म्हणून वापरली. अशा एक मैल सळईचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम भरते! एवढे लोखंड कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण त्यांचे उत्तर तयार होते. जाड सळई म्हणजे रुंद पाट. तिचा विरोध कमी, म्हणून गळती होऊनही पुष्कळसा प्रवाह शेवटपर्यंत पोचतो. दुसरे असे की, या देशात तारेवर नुसत्या चिमण्या बसत नाहीत. घारी आणि गिधाडे थव्यांनी बसतात, माकडे झोके घेतात, वावटळीत झाडे येऊन पडतात. बारीक तार तेथे आठवडाभरही टिकली नसती. सळई खाली पडली आणि तिच्यावरून जनावरे चालून गेली, तरी ती तुटत नसे. दमट हवेत लोखंडाला गंज चढतो हे खरे. पण जाड सळई खाऊन टाकायला गंजालाही पुष्कळ वर्षे लागतात.

नदीची गोष्ट निराळी होती. हुगळीत जहाजे नांगर टाकीत आणि नांगराच्या फाळात सापडली तर तार तुटलीच म्हणून समजावे. ओशॉनेसी यांनी गटापर्चा या झाडाच्या चिकाने मढविलेली तार जहाजाच्या जाड साखळीच्या कड्यांच्या खोबणीत बसविली आणि ती साखळी नदीच्या तळाशी सोडली. नांगर अडकला तरी तो लोखंडी साखळीत अडके. आतली तार सुरक्षित राही. जमिनीखालून न्यावयाच्या सळईला त्यांनी डांबरात भिजविलेले मद्रासी कापड गुंडाळले. संदेश वाचण्याचे यंत्रही त्यांनी स्वतःच बेतले. तारेचे वेटोळे आणि त्यात डावीकडे-उजवीकडे वळणारी एक चुंबकसुई, एवढाच त्याचा पसारा होता. ते स्वस्त होते, येथेच तयार करता येत होते आणि क्षीण प्रवाहानेही त्याची सुई हलत असे.

या तारेचा उपयोग लवकरच दिसून आला. १८५२ मध्ये ब्रह्मदेशातील रंगून इंग्रजांच्या हाती पडल्याची बातमी घेऊन एक जहाज हुगळीच्या मुखाशी आले. ते कलकत्त्यास पोचण्याच्या कितीतरी आधी बातमी तारेने पोचली होती. डलहौसींना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. ओशॉनेसी इंग्लंडला गेले, सामान मिळवून परतले आणि नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता-आग्रा मार्गाचे काम सुरू झाले. सुमारे आठशे मैलांचा तो मार्ग मार्च १८५४ मध्ये पुरा झाला. तिकडे आग्र्याहून मुंबईकडे आणि मुंबईहून पुण्यावरून मद्रासकडे तार सरकू लागली. याच धांदलीत सह्याद्रीचा कडा ओलांडला गेला.

या कामात सर्वत्र एक प्रकारचे खांब नव्हते. जेथे जे मिळेल ते त्यांनी घेतले. कोठे बांबू, कोठे ताड, कोठे आराकानातून आणलेले पोलादासारखे कठीण लाकूड. म्हैसूरच्या मुलखात तर ग्रॅनाइटचे दगडी खांब उभे राहिले. १८५५ च्या फेब्रुवारीत तारायंत्र सर्वांना खुले झाले तेव्हा कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तीन हजारांहून अधिक मैलांच्या तारेने जोडली गेली होती. चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया असा दर होता. त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. तेव्हापासूनच माणसे शब्द मोजून लिहू लागली.

परंतु एवढ्या वेगाने केलेल्या कामात उणेही राहिले. डायमंड हार्बरच्या तीस मैलांवर जाड सळईने पावसाला दाद दिली नव्हती. म्हणून चिनी मातीच्या रोधकांवाचूनही काम भागेल, असा भरवसा ओशॉनेसी यांना वाटू लागला आणि अनेक ठिकाणी सळया तशाच खांबांवर चढल्या. तीस मैलांचा हा अनुभव हजार मैलांना लागू पडला नाही. पाट कितीही रुंद केला, तरी त्याची भोके बुजत नाहीत. पाऊस लागला की लांबच्या मार्गांवर सुई नुसती थरथरत राही. कारकुनाने नजरेने टिपलेले संकेत चुकत आणि एका ठाण्यावर चुकलेला शब्द पुढच्या ठाण्यावर आणखी बिघडून जाई. कारण मार्ग फार लांब असला म्हणजे मधल्या ठाण्यावर संदेश उतरवून घेऊन नव्या विद्युत्घटाच्या बळावर पुढे धाडीत. त्यामुळे प्रवाहाला नवा जोर मिळे, पण लिहिणाऱ्याच्या हातचुकीलाही जागा मिळे. अशा हवेत तारमास्तरांपाशी एकच उपाय उरे. घाई न करता संकेत सावकाश पाठवायचे आणि शंका आली तर तोच शब्द पुन्हा मागायचा.

आपणच सुचविलेली पद्धत अपुरी आहे, हे मान्य करणे कोणालाही सोपे नसते. ओशॉनेसी यांनी ते केले. १८५६-५७ च्या सुमारास स्वतःच्या सुईयंत्राचा आग्रह त्यांनी सोडला आणि कागदाच्या पट्टीवर टिंबे व रेघा उमटविणारे मॉर्स यांचे यंत्र भारतात आणविले. पट्टीवर उमटलेली खूण पुन्हा तपासता येई. सुईची हालचाल एकदा नजरेआड झाली की गेलीच. पुढील वर्षांत रोधक बसवून जुने मार्गही नव्याने बांधले गेले. १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला होता.

तारायंत्र येथील प्रजेच्या सोयीसाठी आले, असे मानणे बरोबर होणार नाही. ते कंपनीच्या राज्यकारभारासाठी आणि फौजांसाठी आले. १८५७ च्या मे महिन्यात मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, ती बातमी तारेने अंबाल्यास पोचली आणि इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. उठाव करणाऱ्यांनीही तारेचे बळ ओळखले होते. शेकडो मैल तारा त्यांनी तोडून टाकल्या. जाड सळयांचे तुकडे त्यांच्या हाती आले, तेव्हा लोखंड म्हणूनही ते कामी आलेच असतील.

१८६० च्या सुमारास ओशॉनेसी यांनी भारत सोडला. १८६१ मध्ये त्यांनी आपले नाव बदलून सर विल्यम ओशॉनेसी ब्रुक असे केले, आणि पुढील काळात लोकांना त्यांचा विसर पडला त्याला हेही थोडेसे कारण झाले असावे. ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. बोरघाटातून मुंबई-पुण्याची आगगाडी धावू लागून तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

तारायंत्रामागून टेलिफोन आला आणि त्याच्या तांब्याच्या तारांपुढेही तीच अडचण उभी राहिली. पुढे त्याच तांब्याच्या जोडतारेवरून ब्रॉडबँड येऊ लागले. आता तारेतून एका सेकंदात लक्षावधी संकेत धावतात. पण टेलिफोन केंद्रापासून घर चार-पाच किलोमीटर दूर असेल, तर ते वाटेत क्षीण होतात. त्यातही जलद फेरे घेणारे संकेत सर्वांत आधी मावळतात. जोडाच्या पेटीत पाणी शिरले, तांब्यावर हिरवट गंज चढला किंवा शेजारून विजेची वाहिनी गेली, की गोंगाट वाढतो. मग घरातील मोडेम नावाचे यंत्र जुन्या तारमास्तरासारखेच वागते. गोंगाट ऐकून ते आपला वेग उतरविते आणि चुकलेला भाग पुन्हा मागविते. वेग वाढवायचा तर जोड कोरडे आणि घट्ट करावे लागतात, खराब तार बदलावी लागते, घरातील निरुपयोगी फाटे काढून टाकावे लागतात, नाहीतर केंद्रातील यंत्रणाच वस्तीच्या जवळ आणावी लागते. दूरच्या मार्गांवर आता काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातात आणि पावसाने भिजून प्रकाश जमिनीत उतरत नाही.

भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी तार ऑफिसांत लोकांनी रांगा लावल्या होत्या आणि त्यांतील कित्येकांनी आयुष्यातील पहिलीच तार त्या दिवशी पाठविली.